कराटेचे गुरुजी : गिचिन फुनाकोशी

विद्यार्थी मित्रांनो, कराटे म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा पोशाख, कमरेला काळा पट्टा, हाताच्या एका फटक्यात तुटणारी फळी आणि मोठ्याने दिलेली आरोळी. मधल्या सुट्टीत मैदानावर दोन मुलं समोरासमोर उभी राहून कराटे कराटे खेळतात, तेव्हाही त्यात मारामारीच जास्त असते. पण ज्या माणसाने ही विद्या एका छोट्याशा बेटावरून जगासमोर आणली, तो पेशाने प्राथमिक शाळेतला मास्तर होता. वर्गात मुलांना शिकवायचं आणि रात्री गुरूच्या अंगणात घाम गाळायचा, असं त्याने वर्षानुवर्षं केलं. आणि आपल्या शिष्यांना आयुष्यभर एकच गोष्ट बजावली, ती म्हणजे पहिला वार आपण करायचा नाही. त्या माणसाचं नाव गिचिन फुनाकोशी. आज त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊया.

अशक्त बाळ

जपानच्या दक्षिणेला समुद्रात ओकिनावा नावाचं बेट आहे. पूर्वी तिथे र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा प्रांतातल्या सरदारांनी ते जिंकून आपल्या अंकित केलं आणि 1879 मध्ये ते जपानमध्ये पूर्णपणे सामील झालं. त्या बेटावर शस्त्रांवर निर्बंध होते. हातात शस्त्र न घेता, हातापायांनीच स्वतःचं रक्षण करण्याची एक विद्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ती उघडपणे कुणी शिकवत नसे. पुस्तक नाही, शाळा नाही, पाटी नाही. गुरूने शिष्य निवडायचा आणि रात्रीच्या अंधारात त्याला शिकवायचं, अशी पद्धत होती.

या बेटावरच्या शुरी गावात 1868 साली गिचिनचा जन्म झाला. बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलं होतं आणि फार अशक्त होतं. ते जगेल की नाही याचीच घरच्यांना काळजी. त्याला आजोळी वाढवलं. आजोबांनी त्याला जुने चिनी ग्रंथ शिकवले. खेळात तो मागे असायचा, अभ्यासात मात्र पुढे.

प्राथमिक शाळेत त्याला एक मित्र मिळाला. त्या मित्राचे वडील अझातो हे घोडेस्वारी, तलवारबाजी आणि कराटे या सगळ्यांत नाव कमावलेले गृहस्थ होते. मित्राच्या घरी जाता जाता हा किरकोळ मुलगा त्यांच्याकडे कराटे शिकू लागला. काही वर्षांनी लक्षात आलं की आपलं दुखणं कमी झालंय, अंगात ताकद आलीय. कराटेने आपल्याला पहिली भेट दिली ती चांगल्या प्रकृतीची, ही जाणीव त्यांच्या मनात कायम राहिली.

शेंडी, डॉक्टरकी आणि मास्तरकी

गिचिनला डॉक्टर व्हायचं होतं. टोकियोच्या वैद्यकीय शाळेच्या प्रवेशासाठी 1870 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच परीक्षा देता येत होती. म्हणून त्यांनी नोंदीतली जन्मतारीख बदलून घेतली. हे त्यांनी स्वतःच पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे. परीक्षेत ते पासही झाले. पण अडचण वेगळीच आली. त्या काळी जपानी पुरुष डोक्यावर केसांची गाठ बांधत. नव्या सरकारने ती काढायला सांगितलं होतं आणि गाठ असलेल्यांना त्या शाळेत प्रवेश नव्हता. गिचिनचं घराणं जुन्या वळणाचं. केसांची गाठ म्हणजे घराण्याची इज्जत! घरच्यांनी ठाम नकार दिला आणि डॉक्टर होण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

मग 1888 च्या सुमारास त्यांनी प्राथमिक शाळेत उपशिक्षकाची नोकरी धरली. गंमत बघा, शिक्षक व्हायचं तर इथेही गाठ कापणं भागच होतं. या वेळी त्यांनी ती कापली. तसंच घरी गेले तेव्हा वडील फार संतापले आणि आईला तर लेकाकडे बघवेना. पण त्यांनी निर्णय बदलला नाही. पुढे तीसहून जास्त वर्षं ते शिक्षक म्हणून राबले.

रात्रीची शाळा

दिवसभर वर्ग आणि रात्री अझातो गुरुजींचं घर. अंधाऱ्या रात्री हातात कंदील घेऊन ते चालत जायचे आणि पहाटे परतायचे. हा माणूस रोज रात्री जातो तरी कुठे, म्हणून शेजारीपाजारी नाही नाही ते बोलायचे. विद्या गुप्त असल्यामुळे त्यांना खुलासाही करता येत नव्हता.

कराटेत काता नावाचा प्रकार असतो. काल्पनिक शत्रूंशी लढत असल्यासारख्या ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने करायच्या. अझातो ओसरीवर बसून बघत. तोच काता पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. महिनोन्‌महिने पुढचं काही शिकवायचं नाही. शिष्याला कधी कंटाळा यायचा, कधी अपमान वाटायचा. पण गुरूचं समाधान होईपर्यंत पुढचा धडा नाही. तेक्की नावाचे तीन काता शिकायला फुनाकोशींना दहा वर्षं लागली.

अझातोंचे मित्र इतोसू हे त्यांचे दुसरे गुरू. दोघांच्या शिकवण्यात फरक होता. अझातो सांगत की समोरच्याचे हातपाय तलवारीसारखे समजा आणि आपल्याला स्पर्शही होऊ देऊ नका. इतोसूंचा भर शरीर इतकं कणखर करण्यावर की साधासुधा फटका सहन व्हावा. पण दोघांमध्ये कधी चढाओढ झाली नाही. दोघं मिळून एका शिष्याला घडवत होते.

एकदा मोठं वादळ आलं. सगळे घरात दारं लावून बसलेले आणि फुनाकोशी मात्र छपरावर! हातात चटईसारखी जाड तातामी धरायची, पाय फाकवून रोवून उभं राहायचं आणि वाऱ्याशी झुंजायचं. वारा त्यांना खाली चिखलात पाडायचा. ते उठून परत वर चढायचे. (मुलांनो, हा प्रयोग तुम्ही करू नका!)

घरची स्थिती बेताचीच होती. मास्तरांचा पगार थोडा आणि खाणारी तोंडं जास्त. त्यांची पत्नी रात्री उशिरापर्यंत हातमागावर कापड विणायची आणि भाजीपाला पिकवायची. रात्र रात्र बाहेर राहणाऱ्या नवऱ्याच्या वेडापायी तिने कधी तक्रार केली नाही, असं फुनाकोशींनी कृतज्ञतेने नोंदवलं आहे. उलट तीही कराटे शिकली.

नैवेद्याची गोष्ट

याच काळातला एक प्रसंग मला फार आवडतो. एका रात्री फुनाकोशी सासुरवाडीला निघाले होते. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवायला त्यांनी मांजू नावाचे गोड पदार्थ घेतले होते. वाटेत झाडीचा एकांत रस्ता. दोन तरुण आडवे आले आणि दमदाटी करू लागले. फुनाकोशींचा सराव तेव्हा कित्येक वर्षांचा होता. मनात आणलं असतं तर दोघांना लोळवलं असतं. पण त्यांनी हातातलं पुडकं शांतपणे देऊन टाकलं आणि पुढे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही हकिगत दोन्ही गुरूंना सांगितली. भित्रा म्हणतील की काय असं वाटण्यासारखाच प्रसंग. पण दोघांनाही मनापासून आनंद झाला. मग देवापुढे काय ठेवलंस, असं विचारल्यावर फुनाकोशींनी सांगितलं की हातात काहीच नव्हतं, म्हणून मनापासून प्रार्थना केली. शिष्य आता खरं कराटे शिकू लागला आहे, अशी गुरूंची खात्री पटली.

विचार करा, भीतीपोटी न मारणं वेगळं आणि ताकद असून न मारणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक फक्त करणाऱ्याला ठाऊक असतो.

अंधारातून शाळेच्या मैदानावर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिंतारो ओगावा नावाचे एक शिक्षणाधिकारी शाळा तपासणीसाठी ओकिनावात आले. त्यांच्यापुढे कराटेची प्रात्यक्षिकं झाली. ती त्यांना आवडली आणि त्यांनी वरती तसा अहवाल पाठवला. इतोसू गुरुजींच्या प्रयत्नांनी कराटे शाळेत आणि शिक्षक विद्यालयात शिकवलं जाऊ लागलं. इतोसूंनी मुलांना झेपतील असे सोपे पाच काता तयार केले. जी विद्या कंदिलाच्या उजेडात चालायची ती आता भर दिवसा शाळेच्या मैदानावर आली. हा बदल लहान नव्हता. ज्ञान लपवून ठेवलं तर ते मोजक्यांपुरतं राहतं, वाटलं तर समाजाचं होतं.

1921 मध्ये जपानचे युवराज हिरोहितो युरोपला जाताना वाटेत ओकिनावात थांबले. शुरीच्या किल्ल्यात त्यांच्यासमोर कराटेचं प्रात्यक्षिक झालं. त्याचं नेतृत्व फुनाकोशींकडे होतं.

त्रेपन्नाव्या वर्षी नवी सुरुवात

1922 च्या वसंतात जपानच्या शिक्षण खात्याने टोकियोत शारीरिक शिक्षणाचं प्रदर्शन भरवलं. ओकिनावाच्या वतीने फुनाकोशींना पाठवण्यात आलं. सोबत त्यांनी कराटेच्या हालचालींची छायाचित्रं लावलेले मोठे फलक नेले होते. चांगल्या शिक्षकासारखं शैक्षणिक साहित्य तयार ठेवलं होतं म्हणा ना! काम आटोपून ते परत निघणार होते. पण ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत बोलावलं. तिथेही प्रात्यक्षिक झालं. मग चित्रकार होआन कोसुगी यांनी कराटे शिकवण्याची विनंती केली. जाणं लांबत गेलं आणि फुनाकोशी टोकियोतच राहिले. तेव्हा त्यांचं वय 53 होतं. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीनंतरचे हिशोब मांडायला लागतो.

राजधानीत ना घर, ना पैसा. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या वसतिगृहात त्यांना एक छोटी खोली मिळाली. बदल्यात ते तिथे पहारेकऱ्याचं आणि माळ्याचं काम करायचे, खोल्या झाडायचे. तिथल्याच व्याख्यानाच्या दालनात वर्ग भरायचे. शिष्य मोजकेच. जेवणाचा खर्च कमी व्हावा म्हणून त्यांनी वसतिगृहाच्या स्वयंपाक्यालाच कराटे शिकवलं. एकदा तर जुनी टोपी आणि हाताने विणलेला किमोनो गहाण ठेवायची वेळ आली. दुकानदाराने वस्तूंच्या मानाने बरेच जास्त पैसे दिले. मागाहून कळलं की दुकानातल्या कारकुनाचा भाऊ त्यांच्याकडे शिकत होता.

युवराजांपुढे कला दाखवलेला माणूस अंगण झाडतोय, याची त्यांना लाज वाटली नाही. कुठल्याही कामाने माणूस लहान होत नाही, हे त्यांनी वागून दाखवलं.

1922 मध्येच त्यांचं कराटेवरचं पहिलं पुस्तक निघालं. पुढच्या वर्षी, 1 सप्टेंबर 1923 ला टोकियोत महाभयंकर भूकंप झाला. पुस्तकाचे छापण्याचे साचे त्यात नष्ट झाले. काही शिष्य दगावले. त्यांनी पुन्हा लिहिलं आणि 1925 मध्ये नवं पुस्तक आलं. 1924 मध्ये त्यांनी पहिल्यांदा सात शिष्यांना काळा पट्टा दिला. पट्ट्याची आणि पांढऱ्या पोशाखाची ही पद्धत त्यांनी ज्युदोवरून घेतली. त्याच वर्षी केइओ विद्यापीठात कराटेचं मंडळ सुरू झालं आणि मग इतर विद्यापीठांतही ते पसरलं.

शून्याचा अर्थ

कराटे या शब्दाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जपानीत 'ते' म्हणजे हात. 'कारा' हा उच्चार दोन वेगळ्या अक्षरांचा होतो. एकाचा अर्थ चीनमधलं तांग राजघराणं, म्हणजेच चीन. दुसऱ्याचा अर्थ रिकामं किंवा शून्य. पूर्वी हे नाव 'चिनी हात' असं लिहीत. फुनाकोशींनी ते 'रिकामा हात' असं लिहायला सुरुवात केली. ओकिनावातून विरोध झाला. त्या काळी जपानमध्ये चीनविरोधी वारं वाहत होतं, त्यामुळेही हा बदल तिथे लवकर पचला हे खरं आहे. पण फुनाकोशींच्या मनात आणखी एक अर्थ होता. बौद्ध धर्मातल्या हृदयसूत्रात शून्याचा विचार आहे, तो त्यांनी इथे जोडला. हात शस्त्राविना रिकामा हवा आणि मनही अहंकार, राग व स्वार्थ यांपासून रिकामं हवं. हा शून्यतेचा विचार मुळात भारतातल्या बौद्ध परंपरेतून चीनमार्गे जपानला गेला. म्हणजे कराटेच्या नावात आपल्या मातीतलाही एक धागा आहे.

1930 च्या दशकात शिष्यांनी वर्गणी काढून टोकियोत त्यांच्यासाठी स्वतंत्र दोजो, म्हणजे सरावाची जागा बांधली. फुनाकोशी कविता लिहायचे तेव्हा 'शोतो' हे टोपणनाव घेत. त्याचा अर्थ पाइन वृक्षांतून वाऱ्याच्या उठणाऱ्या लाटा. शुरीजवळच्या डोंगरावर ते एकटे फिरायचे, तिथला तो आवाज. 'कान' म्हणजे घर. शिष्यांनी दोजोला नाव दिलं शोतोकान. आज जगभर कराटेची जी शैली शोतोकान म्हणून ओळखली जाते, ती अशी एका कवीच्या टोपणनावावरून आली.

सगळं गेलं तेव्हा

यानंतरचा भाग दुःखाचा आहे. दुसरं महायुद्ध पेटलं. दोजोत शिकणारी तरुण पोरं निरोप घ्यायला यायची आणि आघाडीवर जायची. त्यातली कितीतरी परत आली नाहीत. ज्या माणसाने पहिला वार करू नका असं शिकवलं, त्याची मुलं देशाच्या हुकमाने जगातल्या सर्वांत मोठ्या मारामारीत गेली. एका शिक्षकाचा आवाज कुठवर पोहोचतो आणि कुठे अडतो, हा प्रश्न हे चरित्र वाचताना मला सारखा सतावतो. त्याचं सोपं उत्तर नाही.

1945 मध्ये हवाई हल्ल्यात शोतोकान जळून गेलं. त्याच वर्षी ओकिनावात भीषण लढाई झाली आणि शुरी गाव उद्ध्वस्त झालं. त्यांचा मुलगा गिगो हा स्वतः उत्तम कराटेपटू आणि दोजोचा आधार होता. तो क्षयाने नोव्हेंबर 1945 मध्ये गेला. पत्नी पूर्वजांची सेवा सोडून टोकियोला येत नव्हती, म्हणून वीसहून जास्त वर्षं दोघं दूर राहिले होते. लढाईमुळे तिला ओकिनावा सोडून क्यूशू बेटावर आसरा घ्यावा लागला. तिथे दोघं एकत्र आले. समुद्रकाठचं शेवाळ गोळा करून खाण्याचे ते दिवस होते. 1947 मध्ये पत्नीही वारली.

फुनाकोशी तेव्हा 79 वर्षांचे होते. पत्नीच्या अस्थी घेऊन ते टोकियोला परत निघाले. वाटेतल्या स्टेशनांवर जुने शिष्य त्यांना भेटायला आले. इमारत जळली होती, पण शाळा अजून जिवंत होती! त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. 1949 मध्ये शिष्यांनी जपान कराटे असोसिएशन स्थापन केली आणि त्यांना सन्मानाने प्रमुखपद दिलं. ज्या देशाशी युद्ध झालं होतं त्या अमेरिकेचे वायुदलाचे सैनिकही पुढे कराटे शिकायला आले. त्यांनाही शिकवलं गेलं.

युद्धानंतरच्या त्या टंचाईच्या काळात एका रात्री एका चोराने म्हाताऱ्या फुनाकोशींवर झडप घातली. त्यांनी त्याला असा पकडला की तो हलू शकला नाही, आणि पोलिसाच्या ताब्यात दिला. कुणीही फुशारकी मारली असती. त्यांना मात्र नंतर वाईट वाटलं. तो बिचारा बहुधा युद्धातून परतलेला, उपाशी माणूस असेल असं त्यांना वाटलं. जे करू नका म्हणून आपण सांगत आलो तेच आपण केलं, असा सल त्यांना लागला. तो प्रसंग त्यांनी लपवला नाही, पुस्तकात लिहून ठेवला.

26 एप्रिल 1957 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी टोकियोत त्यांचं निधन झालं. कराटेच्या स्पर्धा भरवणं त्यांना पसंत नव्हतं. त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, कराटेला पदकंही मिळाली. कामाकुरा गावातल्या एंगाकुजी मंदिरात 1968 मध्ये त्यांचं स्मारक उभारलं गेलं. पहिला वार न करण्याची त्यांची शिकवण त्या दगडावर कोरलेली आहे.

या चरित्रातून काय घ्यायचं?

1. नमस्काराने सुरुवात, नमस्काराने शेवट. कराटेत सराव सुरू करताना आणि संपवताना वाकून नमस्कार करतात. फुनाकोशींनी घालून दिलेल्या वीस नियमांत पहिलं स्थान या आदराला आहे. ज्याच्याशी झुंजायचं त्याचाही मान ठेवायचा.

2. ताकद वाढवा, ती दाखवत फिरू नका. आपल्याकडे अनेक शाळांत मुलींना स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण देतात. ते जरूर मन लावून शिका. संकटात ते उपयोगी पडेल. पण वर्गातल्या भांडणात ते वापरणं म्हणजे ते न शिकल्यासारखंच.

3. एकच गोष्ट शंभरदा करण्याची तयारी ठेवा. पाढे असोत, अक्षर असो की काता, सरावाला पर्याय नाही.

4. आजचा अशक्त मुलगा उद्या काय होईल हे कुणी सांगू शकत नाही. हे विद्यार्थ्यांइतकंच आम्हा शिक्षकांनीही ध्यानात ठेवावं.

5. पुन्हा सुरुवात करायला वय नसतं. फुनाकोशींनी ती 53 व्या वर्षी केली, आणि सगळं गमावल्यावर 79 व्या वर्षीही केली.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

1. फुनाकोशी डॉक्टर का होऊ शकले नाहीत?

2. नैवेद्याचं पुडकं देऊन टाकणारे फुनाकोशी तुम्हाला भित्रे वाटतात की शूर? का?

3. 'रिकामा हात' या नावात मनाचं रिकामं असणं कसं येतं, ते तुमच्या शब्दांत सांगा.

4. चोराला पकडल्यावर फुनाकोशींना वाईट का वाटलं? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? घरी आईवडिलांशी किंवा आजीआजोबांशी बोला आणि पाच ओळी लिहून आणा.